व्हीपीएन घेतल्यानंतरचे पहिले तीस दिवस

व्हीपीएन सेवा विकणाऱ्या बहुतेक नामांकित कंपन्या ३० दिवसांत पैसे परत करण्याची हमी देतात, आणि बहुतेक ग्राहक त्या ३० दिवसांत ॲपमधले मोठे गोल बटण दाबून हिरवा रंग पाहण्यापलीकडे काहीही करत नाहीत. वास्तविक ही मुदत म्हणजे सेवेची परीक्षा घेण्याचा काळ असतो. वेग, गळती (म्हणजे व्हीपीएन चालू असूनही आपला मूळ पत्ता बाहेर दिसणे) आणि रोजच्या वापरातील अडचणी या गोष्टी घरबसल्या, कोणतेही खास तांत्रिक शिक्षण नसताना तपासता येतात. खासगीपणा मात्र तसा तपासता येत नाही. त्यासाठी कंपनीचा पूर्वेतिहासच वाचावा लागतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वी काय वाचायचे आणि भरल्यानंतर काय तपासायचे, याच क्रमाने पुढील मांडणी केली आहे.

व्हीपीएनमुळे नेमके काय बदलते

घरच्या वायफायवरून आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा पानावरचा मजकूर, पासवर्ड, कार्डाचा क्रमांक हे सर्व आज जवळजवळ सर्वत्र एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीमुळे आधीच कुलूपबंद असते. पण आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो आणि किती वाजता गेलो, हे ब्रॉडबँड कंपनीला दिसते. आणि समोरच्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक दिसतो, ज्यावरून साधारण गाव आणि इंटरनेट कंपनी ओळखता येते. व्हीपीएन सुरू केल्यावर आपली सगळी ये-जा एका कूटबद्ध मार्गाने व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तेथून पुढे निघते. ब्रॉडबँड कंपनीला आता फक्त त्या एका सर्व्हरशी चाललेली देवाणघेवाण दिसते, संकेतस्थळाला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो, आणि जे पूर्वी ब्रॉडबँड कंपनीला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. कोणावर तरी विश्वास ठेवण्याची वेळ टळत नाही, माणूस तेवढा बदलतो. या नव्या माणसाची चौकशी करणे हेच व्हीपीएनचे मूल्यमापन.

गरज एका ओळीत लिहून काढावी

पहिली पायरी म्हणजे आपल्याला व्हीपीएन कशासाठी हवे आहे ते वहीत एका ओळीत लिहिणे. ही ओळ लिहिताना अनेकांच्या लक्षात येते की आपल्याला त्याची गरजच नव्हती. पोलिसांच्या गणवेशातील तोतया व्हिडिओ कॉल करून धमकावतो, कुरिअरच्या नावाने आलेली खोटी लिंक उघडली जाते, ओटीपी सांगितला जातो, यांपैकी कोणताही प्रकार व्हीपीएनने थांबत नाही. गूगलच्या खात्यात प्रवेश केलेला असेल तर गूगलला आपण कोण आहोत हे व्हीपीएन असतानाही ठाऊक असते, आणि फोनचे जीपीएस चालू असेल तर नकाशाच्या ॲपला आपण सिंहगड रस्त्यावर उभे आहोत हेही ठाऊक असते.

याउलट, महिन्यातले पंधरा दिवस लॉजच्या आणि विमानतळाच्या वायफायवर काम करणाऱ्या माणसाला, आपण काय वाचतो याचा हिशेब ब्रॉडबँड कंपनीकडे राहू नये असे वाटणाऱ्याला, किंवा परदेशातून भारतीय संकेतस्थळ उघडत नाही म्हणून अडलेल्याला व्हीपीएनचा खरा उपयोग होतो. या तिघांनी एकाच निकषाने सेवा निवडू नये. लॉजवर राहणाऱ्याला किल स्विच (व्हीपीएन तुटल्यास इंटरनेट अडवणारी सोय) भक्कम हवा, दुसऱ्याला नोंदी न ठेवणारी कंपनी हवी, आणि तिसऱ्याला भारतीय आयपी पत्ता हवा. कार्यालयाने दिलेले, कार्यालयाच्याच संगणकांपर्यंत नेणारे व्हीपीएन हा निराळा प्रकार आहे आणि त्याचा येथे विचार केलेला नाही.

आखातात राहणाऱ्या वाचकांनी तेथील कायदा आधी वाचावा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलणाऱ्यास तुरुंगवास आणि ५ लाख ते २० लाख दिरहॅमपर्यंत दंड होऊ शकतो. भारतात व्हीपीएन वापरणे कायदेशीर आहे. मात्र जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वेळोवेळी तात्पुरती बंदी घातलेली आहे, त्यामुळे तिकडे सहलीला जाताना फोनमध्ये ते चालू आहे का याकडे लक्ष द्यावे.

२०२२ चा आदेश आणि ‘भारत’ नावाचा सर्व्हर

भारतातून सेवा घेणाऱ्याने एक घटना माहीत करून घेतलीच पाहिजे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली आदेश काढला. त्यानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण ही माहिती किमान ५ वर्षे जपून ठेवायची आहे. ग्राहकाने सेवा बंद केली तरीही. या तरतुदीची अंमलबजावणी पुढे २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत लांबवण्यात आली, आणि कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तीतून वगळण्यात आले.

परिणाम असा झाला की एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन व्हीपीएन यांनी भारतातील आपले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. तरीही यांपैकी अनेक कंपन्यांच्या यादीत ‘भारत’ असे नाव दिसते. हा आभासी सर्व्हर असतो: पत्ता भारताचा, यंत्र मात्र सिंगापूरमध्ये, लंडनमध्ये किंवा आणखी कोठे. यात फसवणूक नाही, कारण चांगल्या कंपन्या तसे स्पष्ट लिहितात. पण वेगावर त्याचा मोठा परिणाम होतो, आणि तो कसा मोजायचा ते पुढे येईल. ज्या कंपनीचे यंत्र आजही खरोखर भारतात आहे, तिला वरील आदेश लागू होतो हे गृहीत धरूनच तिचे ‘आम्ही काहीही नोंदवत नाही’ हे वाक्य वाचावे.

फुकटच्या ॲपबद्दल

फुकट व्हीपीएनबद्दल माझे मत कडक आहे. सर्व्हरचे भाडे आणि बँडविड्थ यांना रोज पैसे लागतात. ग्राहक देत नसेल तर ते दुसरीकडून येतात. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या व्हीपीएन ॲपमधून लोक कोणती इतर ॲप वापरतात याची माहिती गोळा केली. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ मध्ये ते ॲप आयफोनच्या दुकानातून गेले. २०२० मध्ये हाँगकाँगशी संबंधित सात फुकट व्हीपीएनच्या ग्राहकांच्या माहितीचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला. त्यांतील यूएफओ व्हीपीएनसह सर्वजण ‘नोंदी ठेवत नाही’ असे सांगत होते, आणि त्या साठ्यात नोंदीच होत्या.

याहून गंभीर प्रकार मे २०२४ मध्ये उघडकीस आला. अमेरिकी न्याय विभागाने ‘९११ एस५’ नावाचे जाळे मोडून काढले, ज्यात मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट ॲपांमार्फत लोकांच्या घरचे संगणक ताब्यात घेतले जात होते आणि त्यांचे आयपी पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले जात होते. अशा पत्त्यांची संख्या १ कोटी ९० लाखांच्या घरात होती. म्हणजे आपली ओळख लपवण्यासाठी घेतलेल्या ॲपमधून कोणा दुसऱ्याच माणसाची ओळख लपत होती, आणि तीही आपल्या नावामागे.

फुकटातच हवे असेल तर जिची विकतची सेवाही आहे, अशा कंपनीची मर्यादित आवृत्ती घ्यावी. प्रोटॉन व्हीपीएनची फुकट आवृत्ती डेटावर मर्यादा घालत नाही, मात्र देश निवडू देत नाही. तिचा खर्च विकतच्या ग्राहकांकडून निघतो, हे व्यवहारात पटण्यासारखे आहे. ब्राउझरमध्ये जोडायचे ‘व्हीपीएन’ नावाचे एक्स्टेन्शन बहुधा फक्त त्या ब्राउझरपुरते असते. फोनमधल्या किंवा संगणकातल्या बाकीच्या ॲपना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

मालक कोण, आणि शिफारस करणारा कोण

लग्नासाठी आलेल्या स्थळाची चौकशी आपण मुलाच्याच तोंडून करत नाही, आळीत विचारतो. येथेही तसेच करावे, पण आळीतला माणूस मुलाचा मामा निघू नये एवढी काळजी घ्यावी. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१७ मध्ये सायबरघोस्ट, २०१९ मध्ये प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन विकत घेतले. त्याच २०२१ मध्ये तिने व्हीपीएनमेंटर हे परीक्षणांचे संकेतस्थळ चालवणारी कंपनीही विकत घेतली. ‘सर्वोत्तम दहा’ प्रकारच्या याद्या लिहिणाऱ्या इतर अनेकांना प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते, आणि यूट्यूबवरील मराठी तंत्रज्ञान वाहिन्यांखालची सवलतीची लिंकही बहुतेकदा तशीच असते. दलाली घेणारा प्रत्येक जण खोटे बोलतो असे नाही, पण दलाली न देणारी सेवा त्याच्या यादीत क्वचितच दिसते.

म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी शोधाव्यात: नोंदणीकृत नाव, देश आणि चालवणाऱ्यांची नावे. दहा मिनिटांत या तीन गोष्टी सापडल्या नाहीत तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. कंपनी पनामात आहे की स्वित्झर्लंडमध्ये, यावर जाहिरातींत जेवढी शाई खर्च होते तेवढे महत्त्व मी देशाला देत नाही. पोलिसांनी मागितल्यावर देण्यासारखे कपाटात काय आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

‘नोंदी ठेवत नाही’ या वाक्याची किंमत

नोंदी दोन प्रकारच्या असतात. आपण कोणती संकेतस्थळे पाहिली याच्या नोंदी एका बाजूला, आणि आपण किती वाजता, कोणत्या मूळ पत्त्यावरून जोडले गेलो याच्या नोंदी दुसऱ्या बाजूला. जाहिरातीतले वाक्य बहुधा पहिल्या प्रकाराबद्दल असते, पण माणूस सापडायला दुसरा प्रकार पुरतो. प्युअरव्हीपीएनचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. ओळखता येईल अशी कोणतीही नोंद ठेवत नसल्याचे कंपनी सांगत असतानाच, २०१७ मध्ये अमेरिकेतील एका छळाच्या खटल्यातील कागदपत्रांतून कळले की कंपनीने दिलेल्या जोडणीच्या नोंदींवरून एफबीआयने आरोपीच्या घरचा आणि कार्यालयाचा पत्ता जुळवला होता. आरोपीबद्दल सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की वाक्य आणि कपाट यांत फरक निघाला. नंतर या कंपनीने आपले धोरण बदलले आणि बाहेरच्या संस्थांकडून तपासणी करून घेतली.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या पोलिसांनी झडतीचे वॉरंट घेऊन मुल्वाड या व्हीपीएन कंपनीचे गोथेनबर्ग येथील कार्यालय गाठले आणि ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्याने ते काहीही न घेता परतले. ही कंपनी खाते उघडताना ईमेलसुद्धा मागत नाही. एक लांबलचक क्रमांक देते आणि वाटल्यास पाकिटातून आलेली रोख रक्कमही स्वीकारते. एक्सप्रेसव्हीपीएनचा तुर्कस्तानातील एक सर्व्हर २०१७ मध्ये तेथील यंत्रणेने ताब्यात घेतला तेव्हाही उपयोगी काही सापडले नाही. माझ्या लेखी अशा एका झडतीचे वजन दहा पानी गोपनीयता धोरणापेक्षा जास्त आहे.

बाहेरच्या संस्थेने केलेली तपासणी ही त्यानंतरची पायरी. नॉर्डव्हीपीएनची तपासणी पीडब्ल्यूसी आणि नंतर डेलॉइटने, एक्सप्रेसव्हीपीएनची केपीएमजीने, प्रोटॉनची सेक्युरिटमने केलेली आहे. अहवाल वाचताना तारीख, तपासणी कशाची झाली (केवळ ॲपची की सर्व्हरांचीही) आणि अहवाल पूर्ण वाचायला दिला आहे का, एवढे पाहावे. तपासणी ही त्या दिवसाची स्थिती सांगते. घराचे व्हॅल्युएशन करून घेतले म्हणून पुढच्या पावसात छप्पर गळणार नाही असे कोणी म्हणत नाही. आणि चूक झाल्यावर कंपनी कशी वागली हेही पाहावे: नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधील एका भाड्याच्या सर्व्हरमध्ये मार्च २०१८ मध्ये शिरकाव झाला होता, पण तो जाहीर झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये.

अँड्रॉइडचे ॲप घेणार असाल तर एक्झोडस प्रायव्हसी या संकेतस्थळावर त्याचे नाव टाकून पाहावे. ॲपमध्ये जाहिरातदारांचे किती माग काढणारे घटक बसवले आहेत याची यादी तेथे मिळते.

वैशिष्ट्यांची लांबलचक यादी

हजारो सर्व्हर, शंभर देश, ‘लष्करी दर्जाचे’ कूटलेखन ही यादी भरभर वाचून सोडून द्यावी. लष्करी दर्जा म्हणजे बहुधा एईएस-२५६, आणि त्या तोडीचे कुलूप आपल्या नेटबँकिंगलाही असते. पाहण्यासारख्या गोष्टी मोजक्या आहेत. आपले यंत्र आणि सर्व्हर यांच्यात कूटबद्ध मार्ग उभारणारी वायरगार्ड किंवा तिच्यावर आधारलेली पद्धत उपलब्ध असावी. तिचा मूळ कोड सुमारे ४,००० ओळींचा, म्हणजे तपासायला सोपा असून मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. ओपनव्हीपीएन ही दुसरी पद्धतही असावी, कारण काही हॉटेलांच्या वायफायवर वायरगार्ड अडवले जाते आणि ओपनव्हीपीएन सुरक्षित संकेतस्थळांच्या नेहमीच्या दारातून (टीसीपी ४४३) निघून जाते. पीपीटीपी ही जुनी पद्धत जो अजून पुढे करतो त्याच्याकडे फिरकू नये. याशिवाय किल स्विच, काही ॲपना व्हीपीएनमधून वगळण्याची सोय असलेले स्प्लिट टनेलिंग, आणि घरातल्या यंत्रांना पुरेल इतक्या जोडण्या असल्या की पुरे.

पैसे भरताना

पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरावेत. महिन्याचा दर साधारण १० ते १३ डॉलर आणि दोन वर्षांच्या योजनेत तोच दोन-तीन डॉलर, असे गणित मुद्दाम मांडलेले असते. मी स्वतः एकदा सवलतीच्या उलट्या धावणाऱ्या घड्याळाला भुलून रात्री बारा वाजता दोन वर्षांची योजना घेतली, पुढे आळस केला, आणि ३४ व्या दिवशी लक्षात आले की माझ्या मोबाइलच्या जोडणीवर ती सेवा सरळसरळ गळत आहे. कंपनीने परताव्यास नम्रपणे नकार दिला. दुसऱ्या दिवशी ते पान पुन्हा उघडले तेव्हा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावत होते.

डॉलरच्या किमतीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क धरून हिशेब करावा. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे आपोआप होणाऱ्या वसुलीआधी किमान २४ तास सूचना येते आणि १५,००० रुपयांवरील वसुलीला वेगळी संमती लागते. दोन वर्षांची योजना त्या मर्यादेच्या आत बसते, त्यामुळे तो एसएमएस वाचल्याशिवाय पुसू नये.

वेग मोजण्याची रीत

वेग मोजताना बहुतेक जण एकदा आकडा पाहतात आणि मत बनवतात. त्याऐवजी लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडावा आणि सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा मोजावे. रात्रीची वेळ मुद्दाम, कारण तेव्हा सगळी सोसायटी क्रिकेट किंवा मालिका पाहत असते. प्रत्येक वेळी तीन स्थितींत मोजावे: व्हीपीएन बंद, जवळचा सर्व्हर, आणि आपल्या गरजेचा लांबचा सर्व्हर. प्रत्येक स्थितीत तीनदा मोजून मधला आकडा वहीत घ्यावा. स्पीडटेस्टसारखे संकेतस्थळ व्हीपीएन सुरू असताना बाहेर पडण्याच्या जागेजवळचा चाचणी सर्व्हर आपोआप निवडते, म्हणून चाचणी सर्व्हर स्वतः निवडून तोच प्रत्येक वेळी ठेवावा. नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

१०० एमबीपीएसच्या जोडणीवर जवळच्या सर्व्हरने ८० ते ९० दिले तर सेवा चांगली समजावी. निम्म्यावर आले तर आधी ॲपच्या सेटिंगमध्ये वायरगार्ड निवडून पुन्हा मोजावे. मात्र आकड्यांच्या मागे फार धावू नये: नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानते, त्यामुळे ९० आणि ६० मधला फरक घरात कोणालाही कळणार नाही. कळतो तो पिंगमधला फरक, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. अमेरिकेतल्या मुलीशी व्हिडिओवर बोलताना दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग दोघेही थांबतात, ते पिंगमुळे.

पिंगवरून आणखी एक गोष्ट कळते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७,८००. याला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. आता पुण्यात बसून सिंगापूरमधला आभासी ‘भारत’ सर्व्हर निवडला आणि मुंबईत ठेवलेले संकेतस्थळ उघडले, तर संदेश सिंगापूरला जाऊन मुंबईला येतो आणि उत्तर त्याच वाटेने परत फिरते. म्हणजे जेथे व्हीपीएनशिवाय पाच-सात मिलिसेकंद लागतात तेथे ७८ च्या खाली काहीच शक्य नाही. त्यामुळे ‘मुंबई’ नावाच्या सर्व्हरमधून असे संकेतस्थळ नेहमी ८० च्या वर पिंग दाखवत असेल तर यंत्र मुंबईत नसल्याचा संशय घ्यावा. तो केवळ संशय, कारण गर्दीच्या वाटेनेही पिंग वाढतो. उलट दिशेचा निष्कर्ष मात्र पक्का असतो: व्हीपीएन बंद ठेवून ‘ब्राझील’च्या सर्व्हरला थेट पिंग केले आणि पुण्यात २० मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते यंत्र ब्राझीलमध्ये नाही, कारण प्रकाशाला तेवढी घाई करता येत नाही.

गळती आणि किल स्विच

ही तपासणी मोबाइल डेटावर आणि घरच्या वायफायवर वेगवेगळी करावी. व्हीपीएन बंद ठेवून आयपीलीक डॉट नेट उघडावे आणि दिसणारे पत्ते लिहून घ्यावेत. टिंबांनी जोडलेल्या चार संख्यांचा आखूड पत्ता आयपीव्ही४ चा. अक्षरे, आकडे आणि विसर्गासारखी दुहेरी टिंबे असलेला लांब पत्ता आयपीव्ही६ चा. जिओच्या मोबाइल जोडणीवर हा लांब पत्ता हमखास दिसतो, आणि नेमके येथेच अनेक सेवा मार खातात: त्या आखूड पत्ता झाकतात आणि लांब पत्ता उघडा टाकतात. व्हीपीएन सुरू करून पान पुन्हा उघडावे. जुना लांब पत्ता तसाच दिसत असेल तर गळती आहे आणि ती ॲपच्या सेटिंगमध्ये बंद होत नसेल तर सेवा परत करावी. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओच्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८३ अँड्रॉइड व्हीपीएन ॲप तपासली, तेव्हा ८४ टक्के ॲपांमध्ये आयपीव्ही६ गळत होते आणि १८ टक्के ॲप काहीही कूटबद्ध करत नव्हती.

त्याच पानावर डीएनएस सर्व्हरांची यादी असते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता कोणाला विचारला जातो, ते ही यादी सांगते. व्हीपीएन सुरू असताना तेथे आपल्या ब्रॉडबँड किंवा मोबाइल कंपनीचे नाव दिसले, तर आपण कोठे जातो याची चौकशी अजून तिच्याच खिडकीवर होत आहे. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर दिसले तर घाबरण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये आपणच पूर्वी ‘प्रायव्हेट डीएनएस’ लावून ठेवले आहे का ते पाहावे.

किल स्विच म्हणजे व्हीपीएन तुटल्यास इंटरनेटच अडवून धरणारी सोय. ती चालू आहे असे ॲप सांगते, पण आम्हाला तिची खरी परीक्षा एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तेव्हा झाली: इन्व्हर्टरवर जाताना राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि व्हीपीएन जोडले जाण्याआधीच्या सात-आठ सेकंदांत लॅपटॉपने मेल उतरवून घेतलेसुद्धा. विजेची वाट न पाहता हे मुद्दाम घडवावे. आयपी पत्ता दाखवणारे पान उघडे ठेवावे, राउटरचे बटण बंद करून चालू करावे आणि जोडणी परत येत असताना ते पान सारखे ताजे करत राहावे. एकदा जरी मूळ पत्ता दिसला तरी किल स्विच नापास. अँड्रॉइडमध्ये ॲपवर विसंबण्यापेक्षा सेटिंगमधील व्हीपीएनच्या यादीत दातेरी चक्राच्या खुणेवर जाऊन ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ या दोन्ही कळा चालू कराव्यात. हे काम मग फोनची प्रणाली स्वतः करते.

मे २०२४ मध्ये संशोधकांनी ‘टनेलव्हिजन’ नावाची पळवाट दाखवली, जीत अनोळखी वायफाय चालवणारा माणूस लॅपटॉपची ये-जा व्हीपीएनच्या बाहेर वळवू शकतो आणि ॲप मात्र जोडलेले दाखवत राहते. अँड्रॉइडवर ती चालत नाही. म्हणून लॉजवरच्या महत्त्वाच्या कामाला, वायफाय आणि व्हीपीएन यांपेक्षा स्वतःच्या अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट मला अधिक बरा वाटतो.

आठवडाभर नेहमीसारखे वागून पाहणे

यानंतर सात दिवस व्हीपीएन सतत चालू ठेवून नेहमीची सगळी कामे करावीत: यूपीआयने भाजीचे पैसे देणे, नेटबँकिंग, रेल्वेचे तिकीट, वीजबिल, मुलांच्या शाळेचे ॲप. परदेशी पत्ता दिसल्यावर काही बँकांची ॲप उघडत नाहीत, काही सरकारी संकेतस्थळे पानच दाखवत नाहीत, आणि चित्रांतले सिग्नल ओळखायला लावणारी कोडी वाढतात. ही सेवेची खोट नव्हे. पण स्प्लिट टनेलिंगने बँकेची ॲप बाहेर काढता येतात का, आणि काढल्यावर ती खरोखर चालतात का, हे पाहावे. आयफोनवर बहुतेक सेवांत ही सोय मिळत नाही, आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स’ची कळ चालू असलेल्या अँड्रॉइडवर बाहेर काढलेल्या ॲपना इंटरनेटच मिळत नाही; दोन्हींपैकी एकाची निवड करावी लागते. बॅटरी रोजच्यापेक्षा किती लवकर उतरते तेही लिहून ठेवावे. मध्ये एकदा ग्राहक सेवेला एक अवघड प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ ‘तुमचा भारत सर्व्हर प्रत्यक्षात कोणत्या देशात आहे?’ सरळ उत्तर आले की पाठ केलेला परिच्छेद, यावरून बरेच कळते.

निर्णय २५ व्या दिवशी घ्यावा, ३० व्या नव्हे, कारण कंपनी दुसऱ्या देशाच्या घड्याळावर चालते आणि दिवसांची मोजणीही तेथील असते. परतावा मागायचा असेल तर मजकुरात कारण थोडक्यात लिहून, गप्पांच्या खिडकीतील संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवावेत. पैसे ॲपलच्या दुकानातून भरले असतील तर परतावा कंपनीकडे नव्हे, ॲपलकडे मागावा लागतो. ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. ती खात्यात जाऊन वेगळी रद्द करावी, बँकेतील आपोआप वसुलीची संमती मागे घ्यावी, आणि फोनच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या यादीत त्या सेवेचे नाव उरले असेल तर तेही पुसावे.